तोफांविना उरलेला सेनापती : येवल्याचे तात्या टोपे

पैठणी आणि पीतांबर विणणाऱ्या मागांमुळे येवल्याचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही याच गावी. परंतु त्यापूर्वी सुमारे एकशेवीस वर्षे, पेशवाई अखेरच्या घटका मोजत असताना, या गावातील एका देशस्थ ब्राह्मण कुटुंबात एक मूल जन्माला आले आणि पुढे त्याने १८५७ च्या उठावात इंग्रजी फौजांना अक्षरशः पळता भुई थोडी केली. रामचंद्र पांडुरंग हे त्याचे मूळ नाव. इतिहास त्याला ओळखतो तो तात्या टोपे या नावाने.

तात्यांचा जन्म १८१४ चा मानला जातो. पेशव्यांनी विंचूरकर सरदारांना दिलेल्या मुलखात तेव्हा येवले मोडत असे. पुढे इंग्रजी अंमलात ते नगर जिल्ह्यात गेले. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. म्हणूनच १८५९ च्या एप्रिलमध्ये कैदेत असताना तात्यांनी जो जबाब दिला, त्यात आपले मूळ ठिकाण येवले, परगणा पाटोदे, जिल्हा नगर असे सांगितले आहे. आपण बिठूरचे रहिवासी असून वय सुमारे पंचेचाळीस वर्षे आहे, अशीही नोंद त्यात आढळते. जन्मगावाचा हा साधा उल्लेख पुढे किती महत्त्वाचा ठरू शकला असता, हे त्यांच्यावरील खटल्याचा विचार करताना ध्यानात येते.

वडील पांडुरंगराव दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीरावाची रवानगी कानपूरजवळ गंगाकाठी बिठूर म्हणजे ब्रह्मावर्त येथे झाली. त्याच्यामागोमाग जी मराठी कुटुंबे उत्तरेत गेली, त्यांत हे कुटुंबही होते. त्या वेळी तात्या जेमतेम चार वर्षांचे होते. येवल्याची माती त्यांच्या पायाला लागली ती एवढीच. पुढचे सारे आयुष्य गंगा, यमुना, बेतवा, चंबळ आणि नर्मदा या नद्यांच्या काठांनी गेले.

टोपे हे आडनाव कसे पडले, याविषयी दोन समजुती आहेत. बाजीरावाने प्रसन्न होऊन रत्नजडित टोपी दिली, म्हणून टोपे, ही एक. तारुण्यात त्यांचा तोफखान्याशी संबंध आला, म्हणून तोपे आणि त्याचे टोपे, ही दुसरी. यांतील खरी कोणती, हे ठरविणे आज कठीण आहे. मात्र तात्यांचे युद्धजीवन पाहू गेल्यास दुसऱ्या व्युत्पत्तीत एक विलक्षण योग दिसतो. या माणसाची सारी लढाई तोफा मिळविण्याची, त्या गमावण्याची आणि पुन्हा मिळविण्याचीच होती.

कानपूर ते काल्पी

बाजीरावाचे निधन १८५१ मध्ये झाले. दत्तकपुत्र नानासाहेबांचे वार्षिक तनख्याचे मागणे कंपनी सरकारने फेटाळले. १८५७ च्या जून महिन्यात कानपूरच्या शिपायांनी उठाव केला आणि नानासाहेब त्याचे पुढारी झाले. तात्या त्यांचे विश्वासू सहकारी होते. २७ जून रोजी सतीचौरा घाटावर इंग्रजांची जी कत्तल झाली, तिच्यातील तात्यांच्या सहभागाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. नानासाहेबांच्या आज्ञेवरून आपण नावांची व्यवस्था केली, कत्तलीचा हुकूम मात्र आपला नव्हता, असे त्यांनी जबाबात सांगितले.

जुलैत जनरल हॅवलॉकने कानपूर परत घेतले. ऑगस्टमध्ये बिठूरही पडले. नानासाहेब अयोध्येच्या बाजूला गेले आणि इथून पुढे तात्यांचे स्वतंत्र सेनापतिपद सुरू झाले. शिंद्यांच्या खर्चाने पोसलेली, इंग्रजी पद्धतीने कवाईत शिकलेली ग्वाल्हेर कंटिन्जंट ही फौज मुरार येथे बंड करून स्वस्थ बसली होती. तिला वळवून तात्यांनी यमुनाकाठचे काल्पी हे आपले ठाणे केले. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी कानपूरवर चाल केली आणि जनरल विंडहॅमला शहराबाहेर रेटून त्याच्या तटबंदीच्या छावणीत कोंडले. सर कॉलिन कॅम्पबेल लखनौहून धावून आला नसता, तर कानपूरचा इतिहास निराळा झाला असता. ६ डिसेंबर १८५७ रोजी कॅम्पबेलने तात्यांचा पराभव केला. पण कधी लष्करी शाळेत न गेलेल्या या माणसाने अनुभवी इंग्रज सेनापतीला हटविले, ही गोष्ट शत्रूच्याही नजरेतून सुटली नाही.

१८५८ च्या प्रारंभी तात्यांनी इंग्रजधार्जिण्या चरखारी संस्थानावर हल्ला केला आणि तेथून २४ तोफा व तीन लाख रुपये मिळविले. काल्पीच्या किल्ल्यात दारूगोळ्याचे भांडार आणि बाहेर तोफा ओतण्याचे कारखाने उभे राहिले होते. मे महिन्यात काल्पी जिंकल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी तेथील साठ्याचे जे वर्णन केले, त्यात या कामाच्या नेटकेपणाविषयीचे आश्चर्य लपत नाही.

शस्त्रांची विषम लढाई

मार्चच्या अखेरीस सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला होता. राणी लक्ष्मीबाईंच्या मदतीला तात्या सुमारे वीस हजारांची फौज घेऊन निघाले. १ एप्रिल १८५८ रोजी बेतवेच्या काठी लढाई झाली. रोजने वेढा न उठविता केवळ दीड हजारांच्या आसपास सैनिक बाजूला काढले आणि त्यांच्या बळावर तात्यांची पहिली फळी फोडली. दुसऱ्या फळीसह मागे हटताना तात्यांनी जंगलाला आग लावून दिली आणि धुराच्या आडोशाने फौज नदीपार नेली. परंतु २८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या.

वीस हजारांचा दीड हजारांपुढे पाडाव का व्हावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर केवळ शौर्यात शोधून चालत नाही. त्याचा मोठा भाग शस्त्रांत आहे. नव्या एन्फिल्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून उठावाची ठिणगी पडली. ही काडतुसे नाकारणाऱ्या शिपायांच्या हाती उरली ती बहुतांशी गुळगुळीत नळीची जुनी बंदूक. तिचा नेम शंभर पावलांपलीकडे भरवशाचा नसे. इंग्रजांच्या हातातील एन्फिल्डच्या नळीत पीळ पाडलेले होते. त्यामुळे गोळी फिरत, सरळ रेषेत आणि कित्येक शे यार्ड अचूक जाई. शिपाई माऱ्याच्या टप्प्यात येण्यापूर्वीच त्याच्या रांगा विरळ होत. ज्या शस्त्राला नकार देऊन लढा सुरू झाला, त्याच शस्त्राने तो चिरडला जावा, हा या उठावातील मोठा दैवदुर्विलास होय.

७ मे रोजी कूंच येथे आणि २२-२३ मे रोजी काल्पी येथे पुन्हा पराभव झाला. एखादा दुसरा सेनापती इथेच खचला असता. तात्यांनी मात्र गुप्तपणे ग्वाल्हेर गाठून शिंद्यांच्या फौजेत फितूर केला. १ जून १८५८ रोजी महाराज जयाजीराव आग्र्याकडे पळाले आणि किल्ला, खजिना व तोफखाना यांसह ग्वाल्हेर बंडवाल्यांच्या हाती आले. हा आनंद तीन आठवडेही टिकला नाही. १७ जूनला कोटा की सराय येथे राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. ग्वाल्हेर गेले. पाठोपाठ जावरा-अलीपूर येथे नेपियरने आणखी २५ तोफा हिरावल्या.

दहा महिन्यांचा पाठलाग

यानंतरच्या दहा महिन्यांच्या भ्रमंतीमुळे तात्यांचे नाव लष्करी इतिहासात अजरामर झाले. राजपुताना, माळवा, बुंदेलखंड असे हजारो मैल ते फिरत राहिले. रॉबर्ट्स, मिचेल, पार्क, होम्स, सॉमरसेट, स्मिथ अशा एकामागून एक इंग्रज अधिकाऱ्यांच्या तुकड्या चहूबाजूंनी त्यांच्या मागावर होत्या. ऑगस्टमध्ये बनास नदीकाठी पराभव झाला, तरी भर पुरात चंबळ ओलांडून ते झालरापाटणला पोहोचले. तेथील राजाची फौज त्यांना मिळाली आणि सुमारे ३० तोफा हाती आल्या. सप्टेंबरात राजगडजवळ त्यांतील बहुतेक गमवाव्या लागल्या. तोफ ही सेनेची शक्ती खरी, पण पळत्या सेनेच्या गळ्यातील ते लोढणेही असते. ती ओढायला बैल लागतात, चिखलात ती रुतते, घाटात ती अडते. तात्यांचा वेग तोफांनी रोखला जाई आणि तोफांवाचून त्यांना उभे ठाकून लढता येत नसे. या पेचातून त्यांची सुटका कधी झाली नाही.

१८५८ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी होशंगाबादच्या आसपास नर्मदा ओलांडली. या एका बातमीने मुंबई आणि मद्रास इलाख्यांच्या सरकारांची झोप उडाली. पेशव्यांचा सेनापती, नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब यांच्यासह, दक्षिणेच्या उंबरठ्यावर आला होता. महाराष्ट्रात पेशव्यांच्या नावाने उठाव झाला तर तो आवरणे जड जाईल, ही भीती निराधार नव्हती. खुद्द नाशिक-नगरच्या सीमेवर भागोजी नाईक याच्या भिल्लांनी ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ लेफ्टनंट हेन्री या पोलीस अधिकाऱ्याला ठार केले होते आणि भागोजी अद्याप हाती लागला नव्हता. तो पडला तो ११ नोव्हेंबर १८५९ रोजी, सिन्नर तालुक्यातील मिठसागर येथे. येवल्यापासून ही गावे फार लांब नाहीत.

तीरकामठ्याच्या मुलखात

नागपूर प्रांताची वाट रोखली गेल्यावर तात्या पश्चिमेला वळले आणि सातपुड्याच्या कडेने निमाडात उतरले. खरगोणला होळकरांच्या ठाण्यातील शिपाई आणि दोन तोफा त्यांना मिळाल्या. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर त्यांनी मुंबई-आग्रा रस्ता गाठला, तारायंत्राच्या तारा तोडल्या आणि व्यापारी मालाच्या गाड्या लुटल्या. हाच रस्ता पुढे सेंधव्याचा घाट उतरून धुळे, मालेगाव, चांदवडवरून नाशिककडे जातो. चार वर्षांचे असताना सोडलेले येवले इथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर होते. चाळीस वर्षांत ते जन्मभूमीच्या इतके जवळ क्वचितच आले असतील.

हा सारा मुलूख भिल्लांचा. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा काजीसिंग ऊर्फ खाजा नाईक १८५७ मध्ये सरकारविरुद्ध उठला होता. नोव्हेंबर १८५७ मध्ये घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे इंग्रज फौजेशी भिल्लांची घनघोर लढाई झाली आणि शेकडो स्त्रियांना कैद करण्यात आले. भीमा नाईक हा बडवाणीकडील नायकही लढत होता. त्याने तात्यांना साहाय्य केल्याच्या कथा निमाडात आजही सांगितल्या जातात.

या लोकांचे परंपरागत शस्त्र म्हणजे तीरकामठा. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच लवचिक सालीची. बाणाची काडी बोरूची किंवा बारीक बांबूची आणि टोकाला गावच्या लोहाराने घडविलेले लोखंडी पाते. दिसायला हे शस्त्र साधे, पण त्याचे सारे मर्म काडी आणि पाते यांच्या सांध्यात असते. लोखंड जड आणि गुळगुळीत, काडी हलकी आणि पोकळ. हे दोन परके पदार्थ एकजीव करावयाचे असतात. पात्याच्या मागे खिळ्यासारखा निमुळता दांडा असेल, तर तो काडीच्या पोकळीत बसवितात. टोपणासारखी नळी असेल, तर ती काडीवर चढवितात. दोन्ही प्रकारांत मधली फट राळ किंवा लाख यांसारख्या चिकट द्रव्याने भरली जाते. लोखंड थोडे तापवून बसविले की राळ वितळून सगळीकडे सारखी पसरते आणि थंड झाल्यावर घट्ट धरते. लोखंडावर तेलकटपणा किंवा काडीत ओल राहिली, तर ती धरत नाही. वरून ओल्या तातीचे किंवा दोऱ्याचे वेढे आवळले म्हणजे काडी फुटत नाही. तात वाळताना आकसते आणि सांधा अधिकच आवळला जातो.

पक्केपणाइतकाच सरळपणाही महत्त्वाचा. पाते काडीच्या रेषेत नसेल, किंचितही कलले असेल, तर त्याचा चपटा भाग वाऱ्यात पंखासारखा वागतो आणि बाणाला भलतीकडे नेतो. मागची पिसे बाण सरळ ठेवू पाहतात आणि पुढचे पाते त्याला वळवू पाहते. पाते जितके रुंद, तितका हा दोष मोठा. त्याची परीक्षा सोपी आहे. बाण बोटांवर ठेवून गरकन फिरवावा. टोक एका जागी स्थिर दिसले तर बाण सरळ, ते वर्तुळ काढू लागले तर वाकडा. वाकडा असेल तर पाते पुन्हा विस्तवावर धरून राळ मऊ करावयाची आणि थोडे फिरवून पाहावयाचे. काडीच वाकलेली असेल, तर तिलाही निखाऱ्यावर शेकून सरळ करता येते.

सांधा सैल असला की लागलेला बाण उपटताना काडी हाती येते आणि पाते शरीरात राहते. त्या रुतून राहिलेल्या टोकाला आपल्या पूर्वजांनी शल्य म्हटले आणि ते काढण्याच्या विद्येला शल्यतंत्र. आजच्या शल्यक्रियेच्या नावातही बाणाचे ते टोक शिल्लक आहे.

या शस्त्राला दारू नको, गोळी नको, ओढायला बैल नकोत. ते आवाज करीत नाही आणि धुराने जागा दाखवीत नाही. तोफा ओढून थकलेल्या सेनेला जे साधत नव्हते, ते डोंगरातील अनवाणी तिरंदाजाला साधत होते. मात्र त्याचीही मर्यादा होती. झाडीच्या आडोशाने, जवळच्या टप्प्यात तो प्रभावी होता. मोकळ्या रानात एन्फिल्डच्या माऱ्यापुढे त्याचा निभाव लागणे शक्य नव्हते. अंबापाणीने हेच दाखवून दिले होते.

तात्यांच्या सेनेची खरी अडचणही सांध्याचीच होती. ग्वाल्हेरचे कवाईती शिपाई, बांद्याच्या नबाबाचे स्वार, संस्थानांतून फुटलेल्या तुकड्या आणि पैशासाठी आलेले भाडोत्री, असे निरनिराळ्या धातूंचे हे सैन्य होते. विजयाच्या उबेत ते एकत्र येई आणि पराभवाच्या पहिल्या हिसक्याला सुटे होई. भिल्लांचा उठाव आणि पेशव्यांच्या नावाने चाललेला लढा हेही एकाच मुलखात, एकाच शत्रूशी लढत होते. तरी त्यांची कायमची जोडणी होऊ शकली नाही. तात्या निमाडात पोहोचले तेव्हा अंबापाणी होऊन सात महिने लोटले होते.

दक्षिणेचा रस्ता अखेर मोकळा झाला नाही. राजपूरजवळ मेजर सदरलंडने गाठल्यावर खरगोणच्या त्या दोन तोफाही टाकून द्याव्या लागल्या. तात्यांनी पुन्हा नर्मदा ओलांडली आणि बडोद्याच्या रोखाने ते निघाले. पार्कने नऊ दिवसांत सुमारे २४० मैल दौड करून १ डिसेंबर १८५८ रोजी छोटा उदेपूरला त्यांना गाठले. तेथून बांसवाड्याची जंगले, प्रतापगड, इंद्रगड अशी वाटचाल झाली. इंद्रगडला शाहजादा फिरोजशाह येऊन मिळाला. जानेवारी १८५९ मध्ये दौसा आणि सीकर येथील पराभवांनंतर मात्र सेना म्हणावी असे काही उरले नाही.

विश्वासघात आणि खटला

मोजक्या सोबत्यांसह तात्या नरवरचा सरदार मानसिंग याच्या आश्रयाला पारोणच्या जंगलात राहिले. मानसिंग स्वतः शिंद्यांविरुद्ध रुसलेला होता. मेजर मीडने त्याला अभय आणि जहागिरीची आशा दाखवून वश केले. ७ एप्रिल १८५९ च्या रात्री, झोपेत असताना, तात्यांना पकडण्यात आले. दहा महिने जो एकाही फौजेच्या हाती लागला नाही, तो एका मित्राच्या विश्वासघाताने सापडला.

शिप्री म्हणजे आजचे शिवपुरी येथे १५ एप्रिल रोजी लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. आरोप बंडाचा आणि ब्रिटिश सरकारशी युद्ध केल्याचा होता. कानपूरच्या कत्तलीचा आरोप त्यात नव्हता. आपण जे केले ते आपल्या धन्याच्या आज्ञेने केले, आणि लढाईबाहेर कोणाही युरोपीयाची हत्या केली नाही, एवढाच तात्यांचा बचाव होता. तो मान्य झाला नाही. १८ एप्रिल १८५९ रोजी सायंकाळी त्यांना फाशी देण्यात आले. फास त्यांनी स्वतःच्या हातांनी गळ्यात घातला, असे समकालीन वृत्तान्त सांगतात.

फाशी गेलेली व्यक्ती तात्या नव्हतेच, असा दावा पुढे अनेकदा झाला. वेगवेगळ्या प्रांतांत साधुवेषातील तात्यांच्या कथा पसरल्या. त्यांना पुराव्याचा आधार अपुरा आहे. पण लोकांना हा मृत्यू खरा मानावासा वाटला नाही, एवढे त्यांवरून निश्चित कळते.

अधिक गंभीर प्रश्न निराळाच आहे आणि तो इंग्रजांच्याच बाजूने विचारला गेला. उठावाचा बृहद् इतिहास लिहिणाऱ्या कर्नल मॅलेसनने, तात्यांविषयी फारशी आपुलकी नसतानाही, या शिक्षेच्या न्याय्यतेबद्दल शंका व्यक्त केली. बंडखोर कोणाला म्हणावे? जो ज्या राज्याचा प्रजाजन आहे, त्या राज्याविरुद्ध उठतो त्याला. तात्या जन्मले तेव्हा येवल्यावर कंपनीचे निशाण नव्हते. ते पेशव्यांच्या राज्यात जन्मले, पेशव्यांच्या घरच्या अन्नावर वाढले आणि पेशव्यांच्या वारसासाठी लढले. कंपनीच्या नोकरीचा भंग करून शस्त्र उचलणारे शिपाई वेगळे आणि जन्मजात धन्यासाठी लढणारा सेनापती वेगळा. पहिल्याला बंडखोर म्हणता येईल. दुसरा रणात हरलेला शत्रू ठरतो, आणि हरलेल्या शत्रूला फासावर देण्याची रीत सुसंस्कृत राष्ट्रांत नाही. जबाबाच्या पहिल्याच ओळींत लिहिलेल्या येवले या गावाच्या नावात हा सारा युक्तिवाद दडलेला होता. न्यायालयाने त्याकडे पाहिले नाही.

शिवपुरीत जेथे त्यांना फाशी दिले, तेथे आज त्यांचा पुतळा उभा आहे. १९८४ मध्ये भारतीय टपाल खात्याने १८५७ च्या वीरांवर तिकिटे काढली, त्यांत तात्यांचा समावेश होता. ज्या सरकारने त्यांना बंडखोर ठरविले, ते सरकार १९४७ मध्ये गेले. येवल्याच्या या सुपुत्राला मात्र जन्मगावी परतण्याचा रस्ता १८५८ च्या त्या नोव्हेंबरात बंद झाला, तो कायमचाच.